बारा ते सहा

प्रश्न थोडक्यात असा आहे. दीड वर्ष दुपारचा शो केलेल्या एका मुलीला स्टेशनने रात्री बारा ते सहाची पाळी दिली आहे आणि तिला ती शिक्षा वाटते. वर कुणीतरी सल्ला दिला की अमेरिकेत साठ-सत्तरच्या दशकात रात्रभर रॉक वाजवणारे विक्षिप्त डीजे केवढे मोठे झाले, तेव्हा तूही जरा वेडेपणा कर, नाव होईल. ती माणसं खरंच तशी होती का, त्यांची कारकीर्द घडली कशी आणि त्यातलं आज आपल्याकडे काय चालेल, हे तिला विचारायचंय.

मी तुला 'तू'च म्हणते. आकाशवाणीच्या युववाणीत, म्हणजे तरुणांच्या कार्यक्रमात, कॅज्युअल (तात्पुरती निवेदिका) म्हणून लागले तेव्हा मी तुझ्याच वयाची होते. पुढे खासगी एफएमवर नऊ वर्षं रात्रपाळी केली. त्या नऊ वर्षांनी माझी झोप आणि पोट दोन्ही बिघडवून ठेवलं, म्हणून गोड गोड बोलणार नाही.

शिक्षाच आहे ती. रात्री जाहिरातींचा दर तळाला असतो, त्यामुळे तिथे कुणाला बसवलं याने मालकाचं फारसं बिघडत नाही. नवशिके, नकोसे झालेले आणि कुठे बसवावं हेच न कळलेले, असे लोक तिकडे पाठवले जातात. तू ज्यांच्याबद्दल ऐकलंस ते अमेरिकन डीजेही बहुतेक याच दारांनी आत आले. मालकाचं बिघडत नाही म्हणून कुणी बघत नाही, आणि कुणी बघत नाही म्हणून वाटेल ते करता येतं. लोक ज्याला विक्षिप्तपणा म्हणतात तो बराचसा या दुर्लक्षातून आलेला आहे. पण वाटेल ते करणं सोपं. ते रोज रात्री, त्याच वेळी, कुणाला तरी ऐकावंसं वाटेल असं करणं हे काम आहे, आणि ते काम मी एका बाईकडून शिकले. तिला मी कधी भेटले नाही.

माझा मामा डॉक्टर. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला तो रेसिडेन्सी करायला न्यूयॉर्कला गेला. १९६५ च्या स्थलांतर कायद्यानंतर अमेरिकेची दारं आपल्या लोकांना उघडली होती आणि आपल्याकडचे तरुण डॉक्टर तिकडच्या इस्पितळांत रात्रपाळ्या ओढत होते. पहिल्यांदा सुट्टीवर आला तेव्हा चॉकलेटं आणली आणि रेडिओवरून टेप केलेली एक नव्वद मिनिटांची कॅसेट. आम्ही सगळे भोवती बसलो. आधी बासरी वाजली. आपली नव्हे, दक्षिण अमेरिकेतल्या डोंगराळ मुलखातली, वाऱ्याचा सूं सूं आवाज मिसळलेली. मग एक बाई कानाशी तोंड आणून बोलावं तशी बोलायला लागली. आजी म्हणाली, "ही काय मंत्र घालत्येय?" मामा हसला. म्हणाला, "तसंच काहीसं. रात्री दोन वाजता अख्खं इस्पितळ हिच्या मंत्रात असतं."

ती अ‍ॅलिसन स्टील. स्टेशन डब्ल्यूएनईडब्ल्यू-एफएम, १०२.७ मेगाहर्ट्झ, न्यूयॉर्क.

तिची गोष्ट सरकारी नियमापासून सुरू होते. त्या काळी अमेरिकेतली बहुतेक एफएम स्टेशनं म्हणजे एएम (आपण मीडियम वेव्ह म्हणतो ती) स्टेशनांची शेपटं होती. मालक एकच, कार्यक्रम तोच, दोन्हीकडे एकदम लागायचा. एफएमचे रेडिओच लोकांकडे कमी, तर वेगळा खर्च कोण करणार? तिथल्या दळणवळण आयोगाने १९६४ मध्ये ठरवलं की एक लाखावर वस्तीच्या शहरांत एफएमने किमान निम्मा वेळ स्वतःचा कार्यक्रम द्यायचा. मालकांनी बरीच खळखळ केली, मुदती वाढवून घेतल्या, पण शेवटी भरायला रिकामे तास आले आणि भरण्यासाठी स्वस्तातलं काहीतरी शोधावं लागलं. रॉकला एफएमची दारं उघडली ती कुणाच्या रसिकतेमुळे नाही, या रिकाम्या तासांमुळे.

डब्ल्यूएनईडब्ल्यूने काढलेली युक्ती आज ऐकून हसू येतं. ४ जुलै १९६६ पासून त्यांच्या एफएमवर सगळ्या निवेदिका बायका. गाणी हलकीफुलकी, निवेदिका मात्र मादक आवाजाच्या, असा सगळा हिशेब. वर्षभरात तो फसला. सप्टेंबर १९६७ मध्ये गुंडाळला, बायकांना निरोप दिला आणि स्टेशन रॉककडे वळलं. त्या बायकांमधली एकच ठेवून घेतली गेली, अ‍ॅलिसन. १ जानेवारी १९६८ पासून तिला रात्रपाळी मिळाली.

आता तिच्या जागी स्वतःला ठेवून बघ. वय एकतीसच्या घरात. जन्माचं नाव सील लोमन, ब्रुकलिनची. 'स्टील' हे आडनाव टेड स्टील नावाच्या वाद्यवृंदप्रमुखाशी झालेल्या लग्नातून आलेलं. पूर्वीचा अनुभव टीव्हीच्या छोट्यामोठ्या कामांचा. रॉक तिच्या रक्तात होतं असं कुणी म्हणणार नाही. भोवतीचे सगळे सहकारी पुरुष, श्रोतेही प्रामुख्याने तरुण पुरुष, आणि ती ज्या फसलेल्या प्रयोगातून उरली होती त्याची थट्टा अजून ताजी. शिवाय त्या स्टेशनवर काय वाजवायचं याची यादी कुणी हातात देत नसे. डीजेने स्वतः रेकॉर्ड काढायच्या आणि लावायच्या. मोकळीक म्हणतात ती हीच, आणि पहिल्या रात्री तिच्याइतकं भीतिदायक दुसरं काही नसतं.

तिने सुरुवात गाण्यांपासून केली नाही. रात्री माणसाचं काय होतं, इथून केली. रात्री भावना दिवसापेक्षा टोकदार असतात, एकटेपणा जास्त जाणवतो, असं ती पुढे मुलाखतींतून सांगत असे. त्या विचारातून तिने पात्र उभं केलं, 'नाइटबर्ड', रात्रीचा पक्षी. कार्यक्रमाची सुरुवात रोज तीच. ती बासरी, आणि तिच्यावर एक छोटं स्वगत: पंखांची फडफड, चंद्रावरून सरकलेली सावली, रात्रीचे आवाज, आणि शेवटी माझ्याबरोबर पहाटेपर्यंत उडायला चल असं आमंत्रण. मध्येच कविता, कधी धर्मग्रंथातला उतारा. मग मूडी ब्लूज या रॉक बँडसारख्या मंडळींची लांबलचक गाणी, अंतराळात तरंगत गेल्यासारखी. स्टुडिओत सोबतीला तिचा पूडल कुत्रा. दिवसा बहिणीबरोबर मॅनहॅटनमध्ये मांजरांसाठीच्या वस्तूंचं दुकान चालवायची. आता एवढं वाचल्यावर तुझा सल्लागार म्हणेल, बघ, वेडीच होती की!

मला ते पटत नाही. ती सुरुवात मी त्या कॅसेटवर शंभर वेळा ऐकली असेल, आणि स्वतः माइकसमोर बसायला लागल्यावर तिची कारागिरी कळली. तमाशात आधी गण होतो ना, तसं ते आहे. गणाशिवाय फड रंगत नाही, कारण गण म्हणजे प्रेक्षकाला दिलेली सूचना असते: आता बाहेरचं बाहेर ठेव, इथले नियम वेगळे आहेत. आकाशवाणीची ती सकाळची धून घे, वॉल्टर कॉफमनने १९३६ मध्ये बांधलेली. आपल्या किती पिढ्यांचा दिवस तिने सुरू झाला. कुणाला तिचा कंटाळा आला? रोज तेच वाजलं म्हणूनच ती मनात बसली. अ‍ॅलिसनचं स्वगत रोज बदललं असतं तर ते चमत्कारिक वाटलं असतं. रोज तेच होतं म्हणून ते लोकांचं झालं. आवाज मादक होता यात वाद नाही, पण त्याच्यावर इतकं लिहिलं गेलं की त्या आवाजामागच्या बांधणीकडे फार थोड्यांनी पाहिलं. शब्द आणि बासरी यांचा वेग बघ. तो दिवसाच्या रेडिओच्या निम्माही नाही. नुकताच रेडिओ लावलेल्या माणसाचा श्वास अर्ध्या मिनिटात खाली येतो. हे अपघाताने होत नाही.

दुसरी कारागिरी जोडकामाची. दोन टर्नटेबल. एकावर गाणं चालू असताना दुसऱ्यावर पुढची रेकॉर्ड लावायची, सुई ठेवायची, हेडफोनमध्ये पहिला सूर ऐकायचा, तबकडी बोटाने जरा उलटी फिरवून थांबवून धरायची. पहिलं गाणं विरायला लागलं की सोडायची. हे यांत्रिक झालं. खरी मेहनत पुढे काय लावायचं यात. एका गाण्याचा शेवट कुठल्या सुरावर होतो, दुसरं कुठून सुरू होतं, शब्दांत काही दुवा आहे का. तीनचार गाणी अशी ओवली की मगच बोलायचं. आमच्या स्टुडिओत संगणक आल्यावर हे सगळं माऊसच्या एका टिचकीवर आलं, आणि नेमकं तेव्हापासून लोकांनी दोन गाण्यांच्या मधली जागा ऐकणं सोडलं. हो, आणि एक गुपित: एलपीची एक बाजू साधारण वीस मिनिटांची. रात्री एकट्या डीजेला चहा, बाथरूम, जिन्यात एक फेरी, सगळं त्या वीस मिनिटांत उरकायचं असतं. साठ-सत्तरच्या दशकातल्या लांब गाण्यांवरच्या प्रेमात कलेचा वाटा किती आणि मूत्राशयाचा किती, हे ज्याने रात्रपाळी केलीय त्यालाच माहीत.

१९७६ मध्ये 'बिलबोर्ड' या संगीतधंद्यातल्या नियतकालिकाने तिला एफएमवरची वर्षातली सर्वोत्तम व्यक्ती निवडलं. तो मान मिळालेली ती पहिली स्त्री. फसलेल्या प्रयोगातून उरलेली म्हणून रात्री ढकललेली बाई आठ वर्षांत तिथवर आली.

आता त्याच शहरातला, त्याच वेळचा दुसरा माणूस. बॉब फास. हाही ब्रुकलिनचाच, जन्म १९३३, पेशाने नट. डब्ल्यूबीएआय हे ९९.५ वरचं स्टेशन १९६० मध्ये एका श्रीमंत माणसाने पॅसिफिका या संस्थेला देऊन टाकलं होतं. जाहिराती नाहीत, श्रोत्यांच्या वर्गणीवर कारभार. फास तिथे १९६३ मध्ये निवेदक झाला आणि मध्यरात्रीनंतरचे रिकामे तास मागून घेतले. कार्यक्रमाचं नाव 'रेडिओ अननेमेबल', सॅम्युएल बेकेट या लेखकाच्या कादंबरीच्या नावावरून. श्रोत्यांना रोजचा नमस्कार असा की जणू सगळे मिळून एक गुप्त कट शिजवतोय.

अ‍ॅलिसन रात्र बांधायची, फास ती सोडून द्यायचा. गाणी, मुलाखती, कुणाचं काव्यवाचन, मधूनच लांब शांतता, आणि फोन. एकाच वेळी दहा-दहा लोक एकमेकांशी बोलतील अशी फोनची जोडणी त्याने हवेवर आणली. आपण आज ज्याला ग्रुप कॉल म्हणतो ते तो साठच्या दशकात करत होता. १९६६ मध्ये बॉब डिलन त्याच्या स्टुडिओत बसून अनोळखी लोकांचे फोन घेत होता. आर्लो गथ्री या गायकाचं एक वीसेक मिनिटांचं गाणं रेकॉर्ड म्हणून बाजारात येण्याआधी त्याच स्टेशनवरून गाजलं.

आणि त्याच्या श्रोत्यांना घराबाहेर पडायची सवय लागली. फेब्रुवारी १९६७ मध्ये तो सहज म्हणाला की मध्यरात्री केनेडी विमानतळावर भेटू या. काम काही नाही, नुसतं भेटायचं. हजारोंनी लोक आले. मग कचऱ्याने भरलेला एक रस्ता झाडायला जमायचं ठरलं. महापालिकेला सुगावा लागला, तिने आधीच तो रस्ता धुऊन चकचकीत केला, तर ही मंडळी झाडू घेऊन दुसऱ्या रस्त्यावर गेली. मार्च १९६८ मध्ये मात्र ग्रँड सेंट्रल स्टेशनात असाच जमाव झाला आणि पोलिसांनी लाठ्या चालवल्या. त्या रात्री फासचा कार्यक्रम जखमींच्या फोनांनी भरला. मौजेत सुरू झालेल्या गोष्टीचं ओझं एका रात्रीत बदललं.

१९७१ मधल्या एका रात्री एका माणसाचा फोन आला. त्याने गोळ्या घेतल्या होत्या आणि मरायचं होतं. फास त्याला बोलतं ठेवत राहिला, तासन्‌तास, तिकडे फोन कुठून आलाय याचा माग काढणं चाललं होतं, आणि शेवटी तो माणूस जिवंत सापडला. हे मी तुला सुरस कथा म्हणून सांगत नाही. रात्री फोन घेतलेस तर असा फोन तुलाही येईल. मला नऊ वर्षांत दोनदा आला. दोन्ही वेळा स्टेशनवर मी आणि वॉचमन सोडून कुणी नव्हतं, आणि अशा वेळी काय करायचं हे मला कुणीही सांगितलेलं नव्हतं. तुला मी सांगून ठेवते: १४४१६ हा टेलिमानसचा नंबर, चोवीस तास, विनामूल्य, तुझ्या टेबलावर चिकटवून ठेव. असा फोन हवेवर घेऊ नकोस, पण ठेवूही नकोस. लांब गाणं लाव आणि ऐकत राहा, दुसऱ्या फोनवरून मदत बोलाव. फासने ते हवेवर केलं आणि निभावलं, पण त्यात नशिबाचा भाग मोठा होता.

पैशाचा हिशेब बघितलास तर फासची कारकीर्द म्हणजे घाट्याचा धंदा. १९७७ मध्ये स्टेशनच्या धोरणावरून भांडण पेटलं, कर्मचाऱ्यांनी स्टेशनचा ताबा घेतला, फास त्यात पुढे होता, आणि मग कित्येक वर्षं त्याला तिथे मज्जाव. परत आला, पण पुढे आठवड्यातून एका रात्रीपुरता उरला, तोही बिनपगारी. तरी चालू ठेवलं. २०२१ च्या एप्रिलमध्ये सत्त्याऐंशीव्या वर्षी गेला तेव्हा पहिल्या कार्यक्रमाला सत्तावन्न-अठ्ठावन्न वर्षं झाली होती. त्याच्या हट्टाचं मला कौतुक आहे, पण माझ्या मुलीने असं काही करायचं म्हटलं असतं तर मी आधी घरभाडं कोण भरणार ते विचारलं असतं.

तिसरा माणूस या दोघांपेक्षा जास्त प्रसिद्ध, आणि माझ्या दृष्टीने जरा कमी महत्त्वाचा. वुल्फमन जॅक. खरं नाव रॉबर्ट स्मिथ, हाही ब्रुकलिनचाच. त्या गावच्या पाण्यात काही होतं की काय कोण जाणे. त्याला समजायचं तर मीडियम वेव्ह समजायला हवी. लहानपणी रात्री काटा फिरवला की दिवसा न लागणारी लांबलांबची स्टेशनं लागायची, हे तुझ्या आईबाबांना विचार. वातावरणाच्या वरच्या भागातला एक थर दिवसा या लहरी गिळून टाकतो. सूर्य मावळला की तो थर विरतो आणि लहरी त्याहून वरच्या थरावर आपटून शेकडो मैलांवर उतरतात. अमेरिकेत एएम स्टेशनला ५० किलोवॉटची कमाल मर्यादा होती. सीमेपलीकडे मेक्सिकोतल्या सिउदाद आकुन्या इथल्या एक्सईआरएफचा ट्रान्समीटर त्याच्या पाचपट, अडीचशे किलोवॉट. रात्री तिथून कुणी लांडग्यासारखा आरोळ्या मारत गाणी वाजवायला लागला की ते अर्ध्या अमेरिकेला ऐकू जायचं, आणि कुणालाच कळायचं नाही की हा कोण, गोरा की काळा, कुठे बसलाय.

हे गूढ त्याने जाणूनबुजून राखलं. गूढाचा खर्च मात्र पाद्री भागवत होते. सीमेवरच्या या स्टेशनांचं मोठं उत्पन्न म्हणजे प्रवचनकारांनी विकत घेतलेला वेळ. पुढे तो एक्सईआरबी या दुसऱ्या सीमेवरच्या स्टेशनावर होता तेव्हा, १९७१ मध्ये, मेक्सिकोच्या सरकारने ही प्रवचनं बंद केली आणि स्टेशनचा कणाच मोडला. वुल्फमनला वाचवलं सिनेमाने. १९७३ च्या 'अमेरिकन ग्राफिटी'त तो स्वतःच्याच भूमिकेत दिसला आणि आवाजाला चेहरा मिळाला. मग एनबीसीचा टीव्ही कार्यक्रम, जाहिराती, सगळं. माझं मत विचारशील तर चेहरा दिसल्यावर जादू अर्धी झाली. पण कमाई कितीतरी पटींनी झाली असणार, म्हणून त्याने माझं मत विचारलं नाही.

आता या तिघांना एकत्र बघ. तिघांचा स्वभाव वेगळा, तरी तिघांचंही भवितव्य एकाच गोष्टीने ठरवलं: रात्रीचे पैसे कोण देतं. फासला श्रोते द्यायचे, म्हणून तो टिकला आणि गरीब राहिला. वुल्फमनला पाद्री द्यायचे, ते गेले तसं त्याला मुक्काम हलवावा लागला. आणि अ‍ॅलिसन? तिला कुणीच फारसं देत नव्हतं तोवर ती मोकळी होती. सत्तरचं दशक सरता सरता एफएमचे श्रोते एएमपेक्षा जास्त झाले. ज्या रात्रीला कुणी विचारत नव्हतं तिच्यात आता पैसा दिसायला लागला. सल्लागार आले. ली अब्रॅम्स हे त्यातलं मोठं नाव. त्याने श्रोत्यांच्या आवडीची पाहणी करून कोणत्या कलाकारांची कोणती गाणी किती वेळा वाजवायची याचा साचाच स्टेशनांना विकला. १९७९ मध्ये गाण्यांचा क्रम लावणारं 'सिलेक्टर' हे सॉफ्टवेअर विकणारी कंपनी उभी राहिली. त्याच १९७९ मध्ये अ‍ॅलिसन डब्ल्यूएनईडब्ल्यू-एफएममधून बाहेर पडली. दोन्हींचा थेट संबंध मी जोडत नाही, पण आमच्या धंद्यातल्या माणसाला ते वर्ष विसरता येत नाही. तू ज्या सॉफ्टवेअरमध्ये तुझा तासाचा 'क्लॉक', म्हणजे तासाभरात काय केव्हा वाजणार याचा आराखडा, बघतेस ते त्याच घराण्यातलं असण्याची दाट शक्यता आहे.

मग तिने पुष्कळ काही केलं, सीएनएनवरही काम केलं. आणि १९८९ मध्ये ती पुन्हा रॉक रेडिओवर आली, न्यूयॉर्कच्याच दुसऱ्या स्टेशनावर, ९२.३ वर. वेळ रात्री दोन ते सहा. पन्नाशी ओलांडलेली, पुरस्कार मिळालेली, शहराला नावाने ठाऊक असलेली बाई पुन्हा त्याच तासांत. आता ती शिक्षा होती की निवड? मला वाटतं दोन्ही. १९९५ च्या सप्टेंबरात कर्करोगाने गेली, त्याच्या थोडं आधीपर्यंत तो कार्यक्रम करत होती. वुल्फमनही त्याच वर्षी जुलैत गेला.

आता तुझं.

आपल्याकडे अशी परंपराच नव्हती, हे आधी लक्षात घे. आकाशवाणीची तिसरी सभा, म्हणजे दिवसातलं शेवटचं प्रसारण, अकरा-सव्वाअकराच्या सुमाराला संपायची, निवेदक शुभरात्री म्हणायचे आणि ट्रान्समीटर बंद. मध्यरात्रीनंतर आपल्या गावच्या स्टेशनावर आवाजच नसायचा. रॉक ऐकणाऱ्यांना आकाशवाणी मुंबईवर शनिवारी रात्री तासभर मिळायचा तो त्यांचा सण. खासगी एफएम २००१ पासून आलं ते जन्मतःच साच्यासकट आलं. फुकट, दुर्लक्षित, मोकळे तास असा काळ आपल्या वाट्याला आलाच नाही. त्यात खासगी एफएमला स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत, त्यामुळे फाससारखं 'आत्ता अमुक ठिकाणी लाठीमार चाललाय, फोन करा' हे तुझ्या परवान्यात बसणार नाही. ते करायला जाऊ नकोस.

पण तुझ्या स्टेशनने रात्रीला जिवंत माणूस दिलाय हीच आज मोठी गोष्ट आहे. बहुतेक ठिकाणी रात्री आधी रेकॉर्ड केलेल्या लिंक, म्हणजे गाण्यांमधलं बोलणं, वाजतात, आरजे घरी झोपलेला असतो. पहिलं काम हे कर की तासाला एक सलग भाग तुझ्या निवडीचा मागून घे. दहा-बारा मिनिटं, दोन किंवा तीन गाणी, मध्ये जिंगल नाही. सगळी रात्र मागितलीस तर नाही म्हणतील. बारा मिनिटांना हो म्हणतात, कारण त्या वेळात विकायला काही नसतंच. मी हेच केलं होतं, आणि दोन वर्षांत ती बारा मिनिटं चाळीस झाली. पुढे नवा प्रोग्रॅमिंग हेड आला आणि शून्य झाली, ते सोड.

वेडेपणा करू नकोस. सुरुवात बांध. अर्ध्या मिनिटाची, रोज तीच, घाई नसलेली. तिच्यात तुझं नाव सगळ्यात शेवटी येऊ दे. ती लिहायच्या आधी आठवडाभर नुसतं बघ की रात्री तीनला पुण्यात कोण जागं आहे: आयसीयूतल्या नर्स, सोसायटीचे वॉचमन, मार्केट यार्डातले हमाल, आयटीतली रात्रपाळी, पेठेतल्या अभ्यासिकेत बसलेली एमपीएससीची मुलं. या प्रत्येकाला वेगळं काहीतरी द्यायला जाशील तर कुणालाच काही मिळणार नाही. त्यांच्यात सारखं काय आहे ते शोध. अ‍ॅलिसनला ते उडणं वाटलं. मला ते पहाटेची वाट बघणं वाटलं, म्हणून मी दर तासाला घड्याळाची वेळ सांगायचे नाही, उजाडायला किती वेळ उरलाय ते सांगायचे. लोक हसायचे आणि फोन करून विचारायचे, "ताई, अजून किती?" तुझं वेगळं निघेल.

बोलताना माइकपासून दूर सरकू नकोस, उलट जवळ ये आणि आवाज खाली आण. दिवसाचा शो करणाऱ्यांना हसत बोलायची सवय लागलेली असते. रात्री ते हसू दारूच्या गुत्त्यातल्यासारखं वाटतं. तीन ते पाच ही सगळ्यात वाईट वेळ, शरीराचं तापमान तळाला, जीभ जड. तेव्हा लिहून आणलेलंच बोल, उत्स्फूर्त काही नको. जेवण दहाच्या आत, नंतर फक्त फुटाणे-शेंगदाणे आणि पाणी. मी वडापाववर काढली ती नऊ वर्षं, परिणाम वर सांगितलाच. आणि शो संपल्यावर स्वतः दुचाकीवर जाऊ नकोस. नेण्याआणण्याची गाडी हे उपकार नाहीत, पत्रात लिहून घे.

शेवटचं. फासच्या घरी त्याच्या कार्यक्रमांच्या हजारो तासांच्या टेप पडून होत्या, खोक्यांत. कुणाला त्यांची किंमत नव्हती, मग २०१६ मध्ये त्या कोलंबिया विद्यापीठाच्या ग्रंथालयात गेल्या. आज साठच्या दशकातल्या न्यूयॉर्कची रात्र कशी वाटायची हे ऐकायचं तर तिथे जातात. माझ्या युववाणीच्या दिवसांतले स्पूल पुसून पुन्हा वापरले गेले, ते तेव्हा सगळीकडेच चालायचं. एफएमवरच्या नऊ वर्षांचं रेकॉर्डिंग स्टेशनने ठरलेल्या मुदतीपुरतं ठेवलं आणि काढून टाकलं. मी एकही रात्र घरी आणली नाही. वाटायचं, एवढं काय त्यात. घरात आहे ती मामाची कॅसेट, तिची फीत दोन ठिकाणी चिकटपट्टीने जोडलेली.

तेव्हा करारात काय लिहिलंय ते वाच, परवानगी घे, आणि पहिल्या रात्रीपासून तुझ्या लिंकची प्रत स्वतःकडे ठेव. हार्ड डिस्क दोन घे, एक बिघडतेच. फाइलला तारीख घालताना बारानंतरची तारीख घाल. मी लॉगबुकात नेहमी आदल्या दिवसाचीच लिहायचे आणि ड्यूटी रूममधून रोज ओरडा खायचे.